अंगठ्याच्या नखाएवढं भोक

गावातल्या एका आजीबाईंच्या उंबऱ्यावर बसून उस्ताके एका लोखंडी पट्टीला भोक पाडत होते. पट्टी धुराड्याच्या झडपेची, बाजारातून आणलेली, नवी कोरी. आधी त्यांनी खडूनं चौकोन आखला, चार कोपऱ्यांत ड्रिल चालवलं, मधला तुकडा छिन्नीच्या घावानं उडवला आणि मग कितीतरी वेळ कानशीनं कडा घासत राहिले. १५ मिलिमीटर लांब, १५ मिलिमीटर रुंद. काम झाल्यावर अंगठा टेकवून पाहिला. नखाएवढं भोक. पट्टी माझ्या हातात देऊन ते भाचीकडं वळले आणि रशियनमध्ये काहीतरी म्हणाले.

"मावशी, ते म्हणतात, या चुलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट एवढीच. बाकी सगळी वीट आणि माती."

हे गाव किरगिझस्तानच्या नारिन प्रांतातलं. बिश्केकहून निघालं की आधी चुय खोऱ्यातली सपाट शेतं, मग बूमची अरुंद घळ, मग कोचकोर आणि त्यानंतर ३,०३० मीटर उंचीची दोलोन खिंड. पलीकडं उतरलं की झाडं विरळ होतात आणि नुसते पिवळे-करडे डोंगर उरतात. नारिन शहरच समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर आहे. हिवाळ्यात इथला पारा उणे ३० पर्यंत गेला तरी कुणाला नवल वाटत नाही.

माझी भाची बिश्केकला डॉक्टरकी शिकते. आज हजारो भारतीय मुलं किरगिझस्तानात वैद्यकीय शिक्षण घेत आहेत आणि त्यांत आपल्या मराठवाड्यातली, खानदेशातली पुष्कळ. भाची ज्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहते, त्यांना ती 'एजे' म्हणते, म्हणजे ताई. उस्ताके हे एजेंचे थोरले भाऊ. गेल्या ऑक्टोबरात मी भाचीला भेटायला गेले, तेव्हा एजे म्हणाल्या, आमचं खरं घर बघायचं तर गावी चला. गेले, आणि सहा दिवस राहिले.

उस्ताकेंचं नाव मी लिहिणार नाही, गावाचंही नाही. ही त्यांचीच अट. ज्यांच्याकडं त्यांचे पैसे राहिलेत त्यांना कुणीतरी हे वाचून दाखवील आणि ती माणसं ओशाळतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. मराठी मासिक नारिनच्या डोंगरात कोण वाचणार, हे मी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या लेखी तो प्रश्न अंतराचा नव्हता.

'उस्ता' म्हणजे कारागीर. आपल्या 'उस्ताद'चं हे सख्खं भावंड, दोन्ही फारसीतून आलेली. किरगिझ माणसं मोठ्यांना आदरानं हाक मारताना शेवटी 'के' लावतात, म्हणून उस्ताके. पहिल्या दोन दिवसांत असे शब्द वेचायचा मला नादच लागला. दुकानाला ते म्हणतात 'दुकॉन', कागदाला 'कागाझ', टरबुजाला 'दार्बिझ', अंगणाच्या मोठ्या फाटकाला 'दार्बाझा'. बाजार तर बाजारच. आणि गावातल्या प्रत्येक किराणा दुकानात एक वही असते, तिचं नाव 'कारिझ देप्तेर'. कर्ज आणि दप्तर. उधारीची वही. हे ऐकलं आणि मला आमच्या गल्लीतल्या वाण्याची लाल वही दिसली.

चूल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं तीन थानांची मातीची चूल येते. ही तशी नव्हे. ही विटांची, छातीपर्यंत उंच, अर्धी एका खोलीत आणि अर्धी भिंतीतून पलीकडच्या खोलीत गेलेली. पुढच्या अंगाला बिडाचा जाड पत्रा आणि त्यात गोल कड्या. त्यावर स्वयंपाक होतो. खरं काम मात्र मागची भिंत करते. धूर थेट वर जात नाही. त्या भिंतीच्या पोटात विटांचे उभे बोळ असतात. धूर एका बोळातून वर चढतो, दुसऱ्यातून खाली येतो, पुन्हा वर जातो आणि जाता जाता आपली सगळी ऊब विटांना देऊन शेवटी धुराड्याबाहेर पडतो. संध्याकाळी तीन तास जाळ केला, तर ती भिंत पहाटेपर्यंत ऊब सोडत राहते. जिथे लाकूड दुर्मीळ आणि कोळसा विकत, तिथे ही भिंत म्हणजे घरातलं सगळ्यात कष्टाळू माणूस.

आजीबाईंची ती भिंत आतून ढासळली होती. गेल्या हिवाळ्यात धूर खोलीत परतायला लागला, तेव्हा त्यांनी खिडकी किलकिली ठेवून दिवस काढले. उणे २५ मध्ये उघडी खिडकी. दोन मुलगे रशियात, सून त्यांच्याबरोबर, घरात आजी आणि दोन नातवंडं.

पहिल्या दिवशी उस्ताकेंनी नुसतं उतरवलं. एकेक वीट काढायची, टकटक वाजवून ऐकायची, खणखणीत आवाज आला की डाव्या ढिगात, बद्द आला की उजव्या. आपली माणसं माठ घेताना ऐकतात ना, तसंच. काजळी पोत्यात भरून परसात नेली. संध्याकाळी चिकणमाती भिजत घातली. ती माती गावामागच्या एका ठरावीक दरडीतली, इतर कुठली चालत नाही. सिमेंटला त्यांनी आयुष्यात चुलीजवळ येऊ दिलेलं नाही. आच लागली की वीट जेवढी फुगते तेवढीच मातीही फुगते, सिमेंट मात्र अडून बसतं आणि तडकतं. सकाळी त्यांनी भिजल्या मातीत चाळलेली वाळू मिसळली, मुठीत गोळा करून दाबला आणि त्याच्या कडा निरखल्या. खूप भेगा म्हणजे वाळू जास्त, एकही भेग नाही म्हणजे माती जास्त. त्यांना हवी होती ती मधली, केसासारखी बारीक चीर.

मी पुढं होऊन एक गोळा वळला. माझ्या आईनं दर दोन वर्षांनी अंगणात बसून चूल घातलेली मी पाहिली आहे. लाल माती, भुसा, घोड्याची लीद, आणि शेवटी पोतेऱ्याचा हात. तिची पारखही हीच होती, मुठीत दाबून बघायची. उस्ताकेंनी माझा गोळा घेतला, पाहिला, आणि मान हलवून गाऱ्यात टाकून दिला. म्हणजे पसंत पडला.

वीट लावण्याआधी ते ती पाण्यात बुडवत. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा पोकळ राहतो. थापी त्यांच्याकडं होती, पण आतल्या बोळांना ते हातानंच गारा लावत. बोटाला खडा लागतो, थापीला लागत नाही. सांधा तीन ते पाच मिलिमीटरचा, त्याहून जाड नाही. दर दोन थरांनी ओळंबा सोडायचा. जाळाच्या पेटीला आतून निराळी, फिकट पिवळी वीट होती. अग्निवीट. तिच्या अंगावर दोन रशियन अक्षरं आणि ५ चा आकडा ठसठशीत उमटवलेला. २३० मिलिमीटर लांब, ११४ रुंद, ६५ जाड. बाहेरची लाल वीट हिच्याहून थोडी मोठी. दोघींच्या मध्ये उस्ताके बोटाच्या पेरापेक्षाही कमी अशी फट मोकळी सोडत, कारण दोघी सारख्या फुगत नाहीत.

या पिवळ्या विटा आल्या कुठून, याची गोष्ट म्हणजे या गावाची गोष्ट.

सोव्हिएत काळात इथे कोलखोज होता, सामूहिक शेती. शाळा, दवाखाना, क्लब आणि कचेरी यांना ऊब देणारं एक बॉयलरघर होतं. १९९१ च्या ३१ ऑगस्टला किरगिझस्तान स्वतंत्र झाला. मॉस्कोहून येणारा पैसा थांबला, लोकर घेणारं गिऱ्हाईक गेलं. १९९३ च्या मे महिन्यात रूबल जाऊन सोम हे नवं चलन आलं. १९९० च्या सुमारास देशात जवळजवळ एक कोटी मेंढ्या होत्या. पाच-सहा वर्षांत त्या चाळीस लाखांच्या खाली आल्या. लोकांनी त्या विकल्या, कापल्या, पिठाच्या पोत्यावर दिल्या. कोलखोज मोडला. बॉयलरघर एका हिवाळ्यात थंड पडलं ते कायमचं. पाइप आणि रेडिएटर भंगारात गेले, लाकूडफाटा लोकांनी नेला. राहिल्या त्या अग्निविटा. उस्ताके तेव्हा तिशीतले. त्यांनी त्या एकेक करून सोडवल्या, घासल्या आणि आपल्या गोठ्यात रचून ठेवल्या. एकाच ठिकाणी सबंध गावासाठी जळणारा तो जाळ आज दीडशे घरांत वाटला गेला आहे. प्रत्येक घरच्या चुलीच्या पोटात त्या बॉयलरच्या पाच-पंचवीस विटा आहेत. त्यांचे पैसे त्यांनी कधीच लावले नाहीत. त्या माझ्या नव्हत्याच, एवढंच ते सांगतात.

हुन्नर त्यांनी एका जर्मन वंशाच्या कारागिराकडून घेतलं. १९८९ च्या जनगणनेत किरगिझस्तानात एक लाखाहून जास्त जर्मन होते, आणि रशियन तर लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. सोव्हिएत संघ मोडल्यावर बहुतेक जर्मन जर्मनीला गेले, लाखो रशियन रशियाला. मेस्त्री, नर्स, गणिताचे मास्तर, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, एका पिढीतच नाहीसे झाले. उस्ताकेंचे गुरू १९९३ मध्ये गेले. जाताना त्यांनी आपला ओळंबा यांच्या हातात ठेवला. पितळेचा, गाजराच्या आकाराचा. तोच आजही आजीबाईंच्या भिंतीवर सोडला जात होता.

या देशाची जवळपास ९० टक्के वीज पाण्यावर होते. नारिन नदीवरचं तोक्तोगुल धरण एकटंच मुळात १,२०० मेगावॅटचं. पण हिवाळ्यात धरणात पाणी कमी आणि मागणी मात्र कैकपट, त्यामुळे २०२३ साली सरकारला वीजक्षेत्रात तीन वर्षांहून अधिक काळाची आणीबाणी जाहीर करावी लागली. ज्या नदीवर सगळा देश उजळतो तिच्याच वरच्या खोऱ्यातली माणसं जानेवारीच्या रात्री विजेच्या हीटरवर विसंबत नाहीत. ती कोळसा जाळतात. कारा-केचेच्या खाणीतला भुरा कोळसा, जो हवेला लागला की भुसभुशीत होतो. एजेंच्या घरी हिवाळ्याला चार टन लागतो. ज्यांना तेवढा परवडत नाही ते 'तेझेक' जाळतात, म्हणजे आपल्या गोवऱ्या. मेंढवाड्यात वर्षभर तुडवली गेलेली लेंडी फावड्यानं लाद्यांसारखी कापून वाळवतात आणि भिंतीशी रचतात. आजीबाईंच्या परसात अशी छातीएवढी रास होती. ती पाहिल्यावर मी आपोआपच अंदाज बांधला, की फेब्रुवारीपर्यंत पुरेल. आजी म्हणाल्या, मार्चपर्यंत पुरवावी लागते.

आता त्या भोकाकडं येते.

जाळ विझला की धुराड्यातून ऊब निसटते. म्हणून माणूस झडप ओढून घेतो. आत निखारे असताना ओढली, तर कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बाहेर जायला वाटच राहत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. किरगिझमध्ये त्याला 'इस' म्हणतात आणि 'इस लागला' असं सांगतात, आपण 'वारं लागलं' म्हणतो तसं. दर हिवाळ्यात तिथल्या बातम्यांत अशी घरं येतात. आपल्याकडं बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं आणि थंडीत दारं लावून पेटवलेल्या शेगडीनं माणसं जातात, ती याच वायूनं.

सोव्हिएत बांधकामाच्या नियमांत कोळशाच्या चुलीसाठी एक कलम होतं. झडपेला १५ मिलिमीटरचं भोक असलंच पाहिजे, म्हणजे ती कधीच पुरती बंद होणार नाही. बाजारातल्या झडपांना आता ते नसतं. आणि ज्यांच्या झडपांना आहे, ती माणसं पहिल्या कडाक्यात ते मातीनं लिंपून टाकतात. उस्ताके त्यांना दोष देत नाहीत. ज्याच्याकडं दोनच टन कोळसा आहे त्याला त्या भोकातून आपले पैसे उडून जाताना दिसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून नोव्हेंबरात ते घरोघर जातात. चहाला बसतात. तिथे चहा वाटीत अर्ध्याहूनही कमी ओततात, पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या वाटीला ते सहज उठून झडप बाहेर ओढतात, लिंपलेली माती नखानं कोरून काढतात, पुन्हा आत सारतात आणि परत येऊन बसतात. बोलत नाहीत. निखाऱ्यावर निळी ज्योत दिसतेय तोवर झडपेला हात लावायचा नाही, हे लहान मुलांकडून म्हणवून घेतात, मोठ्यांकडून नाही. मोठी माणसं विसरतात, मुलं रात्री आठवण करून देतात.

१९९८ च्या हिवाळ्यात त्यांच्या नात्यातल्या एका घरात दोघं गेले. ती चूल उस्ताकेंनी घातली नव्हती. पण लिंपलेलं भोक त्यांनी आदल्याच आठवड्यात पाहिलं होतं, आणि घर दुसऱ्याचं म्हणून हात लावला नव्हता. एवढं सांगून ते परसात गेले. मी पुढं विचारलं नाही.

पैशांचं विचाराल, तर नवी चूल घालायला त्यांना चार ते सहा दिवस लागतात. मजुरी ठरलेली आहे, आणि ती ज्याला देता येते तो देतो. कुणी वसंतात कोकरू देतो, कुणी बटाट्याची पोती, कुणी गवत कापून देतो. ज्याचा मुलगा रशियात आहे तो पैसे आले की देतो. काही वर्षी या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या घरात रक्कम परदेशी राबणाऱ्या माणसांनी पाठवलेली असते, त्यातला फार मोठा वाटा रशियातून. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहावर हल्ला झाला आणि त्यानंतर मध्य आशियाई मजुरांवरची तपासणी कडक झाली. आजीबाईंच्या धाकट्याचं काम तेव्हाच सुटलं. त्यांची चूल उधारीवर होती हे मला असं कळलं.

उस्ताकेंची वही नाही. दुकानदाराकडं कारिझ देप्तेर असतं, यांच्याकडं नसतं. मला आधी हे सगळं आपल्या बलुत्यासारखं वाटलं होतं. सुगीला धान्य, वर्षभर काम. चौथ्या दिवशी ते मत मी सोडलं. दया पवारांचं 'बलुतं' आलं १९७८ मध्ये. ते वाचलेल्याला सांगायला नको की आपल्या गावगाड्यात काम जन्मानं गळ्यात पडत होतं, आणि पेंढीसाठी हात पसरावा लागे तो राबणाऱ्यालाच. इथे हात पसरायची वेळ कुणावरच येऊ नये, याची काळजी राबणारा घेतो. आजीबाईंनी दर दिवशी त्यांच्यापुढं ताजी नान ठेवली, आणि त्यांनी दर दिवशी निघताना एक तुकडा मोडून खाल्ला. भाकरी न चाखता घरातून निघायचं नाही ही तिथली रीतच आहे. पण जेवणाला ते थांबले नाहीत. नातवंडांच्या ताटातलं मांस कमी होईल म्हणून.

खरं साम्य आहे ते सावडीशी. घर बांधायचं असलं की किरगिझ गावात 'आशार' होतो. सगळे येतात, कच्च्या विटा पाडतात, भिंत उभी करतात, पैसे कुणी घेत नाही, यजमान जेवू घालतो. चूल घालणं हे आशारचं काम नाही, ते एकट्याचं असतं. तरी दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघं न बोलावता वाळू चाळायला आले.

मला उस्ताकेंचा चांगुलपणा उधारीत दिसला नाही. उधार देणारे पुष्कळ असतात. तो दिसला बोळांच्या आतल्या सांध्यांत, जे पुढची वीस वर्षं कुणाच्याच नजरेस पडणार नाहीत. ज्या बाईकडून पैसे कधी येतील याचा भरवसा नाही, तिच्या भिंतीतले सांधेही त्यांनी बोटानं खडे वेचत भरले. या शतकाच्या सुरुवातीला दोन वर्षं ते मॉस्कोबाहेरच्या श्रीमंतांच्या बंगल्यांत शेकोट्या बांधत होते. तिथे आणि इथे हात तोच. गरिबाला 'चालून जाईल' असं काम द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म आहे, आणि आपल्याकडं सरकारी घरकुलांपासून शाळेच्या पत्र्यांपर्यंत जे पाहते त्यावरून सांगते, असा माणूस फार दुर्मीळ.

शिकाऊ त्यांच्याकडं टिकत नाहीत. तिघं शिकले, तिघंही रशियात लाद्या बसवतात. जागतिक बँकेच्या मदतीनं गरीब कुटुंबांना कमी कोळशाच्या सुधारित चुली देण्याचा प्रकल्प किरगिझस्तानात झाला, तो उस्ताकेंना मनापासून आवडतो. कोळसा कमी लागला तर भोक लिंपायचा मोह कमी होईल, असा त्यांचा सरळ हिशोब. पण यंत्रावर बनलेली चूल बिघडली तर दुरुस्त करणारा गावात हवा, याची चिंता त्यांच्या बोलण्यात वारंवार येते. ते साठीच्या पुढं आहेत. गुडघे धरतात.

पाचव्या दिवशी चूल उभी राहिली. धुराडं थंड असलं की त्यात गार हवेचा बूच बसतो, म्हणून त्यांनी आधी काजळी काढायच्या वरच्या दारातून पेटता वर्तमानपत्राचा बोळा आत सारला. घुर्र असा आवाज झाला आणि ज्वाळा आत ओढली गेली. मग मूठभर काटक्यांचा जाळ. ओल्या भिंतीला एकदम आच द्यायची नाही, नाहीतर फुटते. दहा-बारा दिवस रोज थोडाथोडाच जाळ करायचा, हे आजींना तीनदा सांगून झालं. आजींनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून दुवा दिला. धाकट्या नातवाला उस्ताकेंनी उचलून झडपेजवळ नेलं आणि त्याचं इवलंसं बोट त्या भोकातून आरपार घालून दाखवलं.

जानेवारीच्या शेवटी एजेंचा निरोप भाचीमार्फत आला. गावात उणे ३१ झालं होतं. चूल नीट ओढते आहे, आजी आणि मुलं बरी आहेत. चुलीचे पैसे अजून द्यायचे आहेत. उस्ताके दोनदा चहाला येऊन गेले. झडप दोन्ही वेळा बाहेर ओढून पाहिली. भोक उघडं होतं.